अंगणातला धोंडा आणि तो दूर करण्याच्या रीती

तंजावरच्या राजवाड्याभोवतीच्या वीथ्यांतून जी जुनी मराठी घरे अद्याप उभी आहेत, त्यांपैकी एकाच्या परसात, विहीर आणि लिंबाचे झाड यांच्या मधोमध, कमरेइतक्या उंचीचा एक काळसर धोंडा कित्येक पिढ्यांपासून पडून होता. आणि घरच्या मालकांनी परसात दोन खोल्या बांधण्याचा बेत केला तेव्हा हा धोंडा दूर कसा करावा, या प्रश्नाने त्या घरात जवळजवळ महिनाभर ठाण मांडले. सरस्वती महाल ग्रंथालयातील मोडी कागद पाहण्याच्या निमित्ताने मी त्या दिवसांत त्यांच्याकडे उतरलो होतो, आणि सकाळी दफ्तर उघडण्यापूर्वी व सायंकाळी ते बंद झाल्यावर त्या धोंड्याविषयीचे सल्ले ऐकणे, हा माझा नित्यक्रम होऊन बसला. बांधकामाचा कंत्राटदार म्हणे, एक लहानसा सुरुंग लावू, सकाळी लावला की दुपारी जागा मोकळी. मालकांचे जावई पोकलेन आणण्याच्या मताचे होते. घरातल्या वृद्ध मातोश्रींचे म्हणणे एवढेच, की ज्याने हा धोंडा इथवर आणला त्याला काही तरी कारण असेल, ते आधी शोधा.

सर्व मतांचा विचार केल्यावर मला वाटते की मातोश्रींचे बोलणे या विषयाच्या मुळाशी जाणारे होते. सह्याद्रीच्या पायथ्याशी किंवा दख्खनच्या माळावर एखाद्याच्या शेतात धोंडा निघाला, तर तो तिथल्या भूमीचाच असतो. काळ्या पाषाणाच्या थरांवर थर चढून आपला देश घडला आहे, आणि वरची माती वाहून गेली की हाडे वर यावीत तसे धोंडे वर येतात. तंजावरची गोष्ट निराळी. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशाच्या काठावर हे शहर वसलेले आहे. उत्तरेस आणि पूर्वेस नांगराला खडा लागू नये अशी गाळाची जमीन, नैर्ऋत्येस वल्लमच्या बाजूला थोडाफार जांभा, आणि ज्याला आपण ग्रॅनाइट म्हणतो तो कणखर पाषाण पाहायचा तर तिरुचिरापल्ली-पुदुक्कोट्टैची वाट धरायची. अकराव्या शतकाच्या आरंभी राजराज चोळाने बृहदीश्वराचे जे प्रचंड मंदिर उभे केले त्याचा पाषाण असाच 50 किलोमीटर किंवा त्याहूनही दूरवरून आणलेला आहे, असे जाणते लोक मानतात. राजवाडा त्याउलट विटा-चुन्याचा. नायकांनी सोळाव्या शतकात आरंभिलेला आणि व्यंकोजीराजांनी तंजावर घेतल्यानंतर भोसल्यांनी वाढविलेला हा पसारा दुरून कितीही भारदस्त दिसला तरी त्याच्या भिंतींत दगड थोडा आणि वीट फार. म्हणजे या शहरात ग्रॅनाइटचा धोंडा जिथे कुठे पडलेला असेल, तिथे तो कोणीतरी खर्च करून, बैल-माणसांना राबवून आणलेला असतो. तो मंदिराच्या कामातून उरलेला असेल, मोडक्या घाण्याचे उखळ असेल, वीरगळ असेल, एखाद्या पाडलेल्या मंडपाचे जोते असेल. तमिळ प्रांतात जुन्या दगडी घाण्यांवर दात्यांची नावे कोरलेली आढळतात, आणि असे लेख कित्येकदा पालथ्या घातलेल्या बाजूवर असतात.

लेख म्हटला की तंजावरच्या मराठी माणसाला बृहदीश्वराच्या प्राकाराची भिंत आठवल्याशिवाय राहत नाही. सरफोजीराजांच्या आज्ञेने बाबुराव चिटणीसांनी सिद्ध केलेले भोसल्यांचे वंशचरित्र 1803 साली या भिंतीवर मराठीत कोरले गेले. त्याच्या चार वर्षे आधी, 1799 च्या तहाने, राज्याचा कारभार कंपनीकडे गेला होता, आणि महाराजांच्या हाती किल्ल्याच्या आतले तेवढे उरले होते. तेव्हा कुळाची हकीकत कागदावर न ठेवता पाषाणाच्या स्वाधीन करावी, असे त्यांना वाटले. ज्या छिन्नीने दगड फुटतो त्याच छिन्नीने तो बोलता होतो. म्हणून धोंडा फोडण्यापूर्वी त्याच्या चारही बाजूंची माती काढून, ब्रशाने धुऊन, तिरप्या उन्हात तो एकदा नीट पाहावा, आणि अक्षर, मूर्ती किंवा घडणीची काही खूण दिसली तर हात आवरून महसूल खात्याच्या अथवा पुराणवस्तू खात्याच्या कचेरीत कळवावे, ही पहिली पायरी होय. इतर सगळ्या रीती त्यानंतरच्या.

दुसरी पायरी वजनाची. धोंड्याचे वजन डोळ्यांनी कधीच कळत नाही, आणि बहुतेक अपघात या एका अज्ञानातून होतात. ग्रॅनाइट पाण्याच्या सुमारे 2.7 पट जड; म्हणजे एक घनफूट दगड अदमासे 76 किलो भरतो. आमच्या परसातला धोंडा जमिनीखालचा भाग धरून लांबीला 6 फूट, रुंदीला 5 फूट, उंचीला 4 फूट होता. घनफळ 120 घनफूट, परंतु कडा गोलसर असल्यामुळे दोन-तृतीयांश, म्हणजे 80 घनफूट धरावे. तेव्हा वजन 6 टनांच्या घरात जाते. दोन गड्यांनी बांबूला दोर बांधून, ओसरीतून आणि अरुंद दारातून न धडकता न्यायचा तुकडा एक घनफुटापेक्षा फारसा मोठा असून चालत नाही. याचा अर्थ असा, की हा धोंडा घराबाहेर काढायचा तर त्याचे निदान 80 तुकडे करावे लागणार आणि तितक्याच खेपा घालाव्या लागणार. सल्ला देणाऱ्यांपैकी कोणीही हा हिशेब केलेला नव्हता.

सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे धोंडा आहे तिथे राहू देणे. आणि याला आळस समजण्याचे कारण नाही. जिंजीचा किल्ला ज्यांनी पाहिला असेल त्यांना तिथल्या डोंगरांवर रचल्यासारखे पडलेले राक्षसी गोटे आठवतील. किल्ला बांधणाऱ्यांनी ते हलविण्याचा खटाटोप न करता दोन गोट्यांच्या मधली फट तेवढी चिरेबंदीने भरून काढली, आणि निसर्गाचा तट फुकटात मिळविला. शिवाजीमहाराजांनी 1677 मध्ये जिंजी घेतली, आणि पुढे राजाराममहाराजांना त्याच गोट्यांच्या आश्रयाने मोगलांशी वर्षानुवर्षे झुंजता आले. महाबलीपुरमच्या उतारावर टेकलेला, कृष्णाचा लोण्याचा गोळा म्हणून ओळखला जाणारा सुमारे 250 टनांचा धोंडा मद्रासच्या एका इंग्रज गव्हर्नराने हत्ती लावून हलवू पाहिला आणि तो जागचा ढळला नाही, अशी कथा सांगतात. कथा खरी असो वा नसो, तो धोंडा आज तिथेच आहे आणि त्याच्या सावलीत माणसे बसतात. धोंडा फोडण्याऐवजी त्याच्या शेजारी खड्डा खणून त्यात तो लोटून पुरण्याची चालही जुनी आहे. परंतु तंजावरसारख्या गाळाच्या भूमीत हाताभर खणले की कडा ढासळू लागतात, पावसाळ्यात खाली पाणी लागते, आणि धोंड्याच्या पोटाखालची माती काढणाऱ्या माणसावर तो केव्हा कलंडेल याचा नेम नसतो. या रीतीची मी कोणालाही शिफारस करणार नाही.

आता प्रत्यक्ष फोडण्याकडे वळू. अग्नी ही मनुष्याच्या हाती आलेली पहिली सुरुंगाची दारू. दगडावर लाकडे पेटवावीत, तो लाल होईतो तापवावा आणि वर पाणी ओतावे, की पापुद्रे सुटतात. हॅनिबलाने आल्प्स ओलांडताना असाच अग्नी लावून व त्यावर आंबलेले मद्य ओतून खडक फोडला, असे रोमन इतिहासकार लिव्ही सांगतो. ग्रॅनाइटमधील गारेचे स्फटिक 573 अंश सेल्सिअसच्या आसपास एकाएकी फुगतात, त्यामुळे हा दगड अग्नीला विशेष लवकर वश होतो. दख्खनच्या काळ्या पाषाणात गार नसते, म्हणून तिथे ही युक्ती तितकी चालत नाही. बंगळूरकडचे पाथरवट या विद्येत इतके निष्णात होते, की खडकाच्या पाठीवर विस्तवाची ओळ हळूहळू पुढे सरकवीत ते मोठमोठ्या सपाट लाद्या अखंड सोडवून घेत, आणि त्यांच्या या कसबाचे वर्णन 1895 साली ‘नेचर’ या इंग्रजी नियतकालिकात छापून आले होते. ते कौतुक खरेच आहे. परंतु भर वस्तीत, लाकडी वाशांच्या घराला लागून, असा विस्तव पेटविण्याचा विचारही कोणी करू नये. शिवाय तापलेला दगड चिपा उडवितो आणि त्या डोळ्यांचा वेध घेतात.

पाचरेची विद्या मात्र अशी आहे की जिच्याविषयी मी थोडे सावकाश लिहीन, कारण माझ्या मते साऱ्या रीतींत हीच सर्वांत सुसंस्कृत. वेरूळच्या कैलासाकडे पाहावे. राष्ट्रकूट कृष्णराजाच्या काळी, आठव्या शतकात, डोंगराच्या माथ्यापासून खाली तिन्ही अंगांनी खंदक खणून मधला कातळ सुटा केला गेला, आणि काढून टाकलेला दगड काही लाख टनांपर्यंत जात असावा असा अजमास विद्वान करतात. हे सारे पोलाद, लाकूड आणि मनगट यांच्या बळावर. अजिंठ्याची अर्धवट राहिलेली लेणी पाहिली म्हणजे रीत ध्यानी येते: समांतर चर खोदावेत, मध्ये दगडाचे वरंबे ठेवावेत, आणि मग ते वरंबे आडव्या घावाने उडवून द्यावेत. सारा दगड कुटत बसण्यापेक्षा थोडा कुटून बाकीचा मोडून घ्यावा, हे त्यातले मर्म. पाचरेत हेच मर्म अधिक सूक्ष्म होते. दगड दाबाला हटत नाही, परंतु ताणाला तो अगदी दुबळा असतो. तेव्हा वरून ठोकण्याऐवजी आतून दोन्हीकडे ताणावे, म्हणजे एका माणसाच्या घणाने सहा टनांचा धोंडा दुभंगतो.

आमच्या परसातल्या कामासाठी शेवटी पुदुक्कोट्टैच्या बाजूचा एक वयस्क कारागीर आला. तमिळ प्रांतात ज्यांना ओट्टर म्हणतात, त्या समाजातला तो होता. आपल्याकडच्या वडारांचे हे दक्षिणेतील भाऊबंद. त्याने पहिल्या दिवशी एकही घाव घातला नाही. आधी लहान हातोडीने धोंडा सर्वांगी वाजवून पाहिला. निरोगी ठिकाणी तो घंटेसारखा ठणठणत होता आणि एका कोपऱ्यात बद वाजत होता. शिल्पशास्त्राच्या ग्रंथांतून नादावरून शिळेचे पुरुष, स्त्री, नपुंसक असे भेद केलेले आहेत, ते वाचताना मला पूर्वी काव्यमय वाटत. त्या सकाळी ते निव्वळ व्यवहाराचे वाटले. मग त्याने घागरभर पाणी धोंड्यावर ओतले आणि तो झाडाखाली जाऊन बसला. ऊन चढले तसा दगड वाळू लागला, आणि सगळा पृष्ठभाग फिकट झाल्यावरही केसाएवढी एक ओली रेघ बद वाजणाऱ्या कोपऱ्यापासून निघून धोंड्याच्या पाठीवर तिरपी काळीच राहिली. त्या रेघेला त्याने खडूने गिरविले.

दुपारनंतर त्याच्या मुलाने पहारीने बुडाजवळची माती काढायला घेतली, आणि जमिनीखाली हातभर खोल, धोंड्याच्या एका सरळ बाजूवर, ओळीने सहा चौकोनी खाचा निघाल्या. प्रत्येक खाच अंगठ्याएवढी रुंद, आतून गुळगुळीत, मातीने ठासून भरलेली. कोणे एके काळी, कुठल्या तरी दूरच्या खाणीत, कोणा पाथरवटाने याच खाचांत पाचरी ठोकून हा धोंडा मूळ खडकापासून वेगळा केला होता. अशाच खाचांच्या ओळी हंपीच्या माळावर आणि महाबलीपुरमच्या खडकांवर पुष्कळ दिसतात. अक्षर नव्हते, घडण नव्हती. परंतु मातोश्रींच्या प्रश्नाचे उत्तर अर्धे तरी मिळाले. म्हातारा बराच वेळ खाचांवरून बोट फिरवीत राहिला आणि खडूची जुनी रेघ पुसून नवी रेघ त्याने त्या खाचांना समांतर ओढली. त्याचे म्हणणे असे, की ग्रॅनाइटला लाकडासारखीच शीर असते, एका दिशेने तो सहज फाटतो आणि आडव्या दिशेने हट्ट धरतो. आधीच्या माणसाला ती दिशा सापडली होती, तेव्हा आपण निराळी शोधण्यात शहाणपण नाही.

पाचरीच्या जोडीला दोन अर्धगोल लोखंडी पट्ट्या असतात. वीत-वीत अंतरावर ओळीने भोके पाडावीत, प्रत्येक भोकात दोन पट्ट्या उभ्या घालाव्यात, मध्ये पाचर बसवावी, आणि मग या टोकापासून त्या टोकापर्यंत प्रत्येक पाचरेवर एकेक घाव घालीत जावे. घाई करणाराची इथे फसगत होते. दर फेरीगणिक पाचरीचा आवाज वर चढतो, जणू तंबोऱ्याची तार आवळावी. आणि तो पुरेसा चढला म्हणजे घण खाली ठेवून थांबायचे असते. म्हातारा तिसऱ्या फेरीनंतर थांबला, त्याने पानाचा डबा काढला, आणि विडा तोंडात घालण्यापूर्वीच धोंड्यातून कापड फाटावे तसा बारीक आवाज आला. रेघ दिसेपर्यंत आणखी क्षणभर गेला. कोरड्या लाकडाच्या पाचरी ठोकून त्यांना पाणी पाजल्यानेही दगड फुटतो असे सर्वत्र सांगतात. मऊ दगडात ते साधत असेल, ग्रॅनाइटमध्ये लोखंडाला पर्याय नाही, असा त्या कारागिराचा अभिप्राय होता.

सुरुंगाची कथा याहून वेगळी. युरोपात खाणीत दारूने खडक फोडल्याची पहिली लेखी नोंद 1627 सालची, आजच्या स्लोव्हाकियातील खाणींची आहे. पुढे 1831 मध्ये बिकफर्डने संथ जळणारी वात शोधली आणि 1867 मध्ये नोबेलने डायनामाइटचे पेटंट घेतले. मराठी माणसाला सुरुंगाचा परिचय किल्ल्यांच्या वेढ्यांतून फार पूर्वी झालेला होता. एप्रिल 1700 मध्ये औरंगजेबाने साताऱ्याच्या तटाखाली सुरुंग उडविले तेव्हा एकाने तट आत ढासळला आणि किल्लेदार प्रयागजी प्रभू ढिगाऱ्यातून जिवंत निघाले. दुसऱ्याने मात्र तट बाहेरच्या अंगाला कोसळून मोगलांचीच शेकडो माणसे गाडली गेली. स्फोट वाट कुठली धरील हे दगडातल्या फटी ठरवितात, उडविणारा ठरवीत नाही. बोरघाटातून 1856 ते 1863 या काळात लोहमार्ग काढताना 40 हजारांवर माणसे एका वेळी कामावर होती, दोरांना लोंबकळून कड्यांत भोके पाडीत होती. 25 बोगद्यांचा तो मार्ग सुरुंगाशिवाय झाला नसता, आणि अपघातांनी व साथींनी गेलेल्यांचा आकडा हजारांत जातो. डोंगराला सुरुंगच हवा, हे मी नाकारीत नाही. पण राजवाड्याच्या आसमंतात, जिथे दोनतीनशे वर्षांच्या विटा-चुन्याच्या भिंती एकमेकींच्या खांद्याला खांदा लावून उभ्या आहेत, तिथे सुरुंगाचे नाव काढणे हा मी अविचार समजतो. शिवाय 1884 च्या स्फोटक अधिनियमाप्रमाणे परवान्यावाचून दारू बाळगणे हाच गुन्हा आहे. आणि जिथे केंद्राचे संरक्षित स्मारक जवळ असेल, तिथे 1958 च्या कायद्यातील 2010 च्या दुरुस्तीनुसार 100 मीटरांच्या आत बांधकामास मज्जाव व त्यापुढील 200 मीटरांत परवानगीची अट आहे. परसात खोल्या बांधण्याचा बेत ज्यांचा असेल त्यांनी धोंड्याआधी हे अंतर मोजावे.

यंत्रांविषयी थोडक्यात. पोकलेनला लावलेला ब्रेकर मोकळ्या रानात एका दिवसात जे काम करतो ते पाथरवटाला आठवडाभर पुरेल. परंतु त्याला रुंद वाट लागते आणि त्याचा हादरा शेजारच्या गिलाव्यापर्यंत पोहोचतो. आमच्या गल्लीत तो शिरलाच नसता. हिऱ्याचे मणी ओवलेल्या तारेने दगड कापण्याची पद्धत खाणींतून रूढ झाली आहे, काप सुरेख येतो, पण एका धोंड्यासाठी तो खर्च परवडत नाही.

अलीकडच्या उपायांपैकी मला आदर वाटतो तो फुगणाऱ्या चुन्याचा. कळीच्या चुन्यावर पाणी पडले की तो तापतो, फुगतो आणि विरतो, हे राजवाड्याच्या गवंड्यांना ठाऊकच होते. त्या फुगण्याला बंद भोकात कोंडले तर दगड फाटेल, या कल्पनेने इंग्लंडातील कोळशाच्या खाणींत 1880 नंतर चुन्याची काडतुसे वापरून पाहिली गेली, आणि पुढे जपानी सिमेंट कारखान्यांनी जास्त आचेवर भाजलेल्या, सावकाश फुगणाऱ्या चुन्याची भुकटी तयार केली. बाजारात ती दगड फोडण्याची पावडर म्हणून मिळते. सुमारे 38 ते 40 मिलिमीटर व्यासाची भोके फुटाफुटाच्या अंतरावर पाडावीत, भुकटी थंड पाण्यात कालवून लगोलग ओतावी, आणि एक रात्र वाट पाहावी; आवाज नाही, हादरा नाही, सकाळी दगडाला बोटभर भेगा. घरचा साधा कळीचा चुना मात्र कधीही भोकात भरू नये, तो तत्काळ उकळून तोंडावर उसळतो. विकतची भुकटीही तंजावरच्या वैशाखात बेभरवशाची होते. उन्हाळ्यासाठी वेगळी जात असते, तीच घ्यावी, दिवस मावळताना भरावी, आणि भरलेल्या भोकावर वाकून पाहू नये.

त्या घरी शेवटी दोन्ही रीतींची सांगड घातली गेली. शिरेच्या दिशेने पाचरी चालल्या. आडव्या दिशेला, जिथे दगड हट्टाला पेटला, तिथे दोन रात्री भुकटी भरली. माझा एकच आग्रह होता, तो भोके पाडण्याच्या यंत्राखाली सतत पाण्याची धार ठेवण्याचा. ग्रॅनाइटची कोरडी धूळ फुप्फुसात जाऊन बसते आणि पुन्हा निघत नाही. दगडखाणींतून चाळिशीतच धापा टाकणारी माणसे मी पाहिली आहेत, आणि धोंडा फोडून घेणाऱ्या मालकाने मजुरीबरोबर पाण्याची नळी व तोंडाला मुखवटा यांची तजवीज करणे हे त्याचे कर्तव्य मानले पाहिजे. म्हाताऱ्याने मुखवटा दोनदा काढून ठेवला. दोन्ही वेळा मालकांनी स्वतः जाऊन तो त्याच्या हातात दिला.

नवव्या दिवशी शेवटची खेप दाराबाहेर गेली. एकंदर 83 खेपा झाल्या. चांगल्या तोंडाचे तुकडे नव्या खोल्यांच्या जोत्यात गेले, चुरा ओल्या जागी भरला. सहा खाचांचा तुकडा मातोश्रींनी जाऊ दिला नाही. तो विहिरीजवळ खाचा वर करून बसविला आहे, आणि त्यावर आता घरचे धुणे धुतात.